हाताचा अंदाज आणि सॅलिसिलिक आम्ल



या व्यासपीठावर संतवाङ्मयाचे, अर्थकारणाचे, इतिहासाचे मोठमोठे अभ्यासक बोलून जातात. त्यांच्या पंगतीला बसून मी मुरुमे, कोंडा आणि टाचांच्या भेगा यांविषयी बोलणार म्हटल्यावर कुणाला हसू आले तर त्यांना मी दोष देणार नाही. परंतु ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल आहे त्यांना ठाऊक आहे की, सकाळी आरशापुढे जे चालते ते हसण्यावारी नेण्यासारखे नसते. कपाळावर उठलेल्या चार पुटकुळ्यांपायी मुले लग्नकार्याला यायचे टाळतात, छायाचित्र काढू देत नाहीत, जेवताना मान वर करीत नाहीत. दुःख लहान खरे, पण ते तोंडावरच असते, आणि तोंड झाकून जगात वावरता येत नाही.

हल्ली या दुःखावर एक उपाय घरोघर होऊ लागला आहे. सॅलिसिलिक आम्लाची पांढरी भुकटी पाकिटातून मागवायची आणि तिचे गुलाबपाणी, लोशन, मलम असे काहीबाही घरीच तयार करायचे. रसायने विकणाऱ्या दुकानात ती मिळते. दुकानात जायचा कंटाळा असेल तर घरपोच येते. तयार बाटलीच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त पडते, आणि शिवाय आपल्या हाताने केल्याचे समाधान. ही दोन्ही कारणे मला पटतात. उटणे, काजळ, शिकेकाई या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या घरी करणाऱ्या बायकांना ‘तुम्ही घरी काही करू नका, सारे विकत आणा’ असे सांगणारा मी कोण? माझे म्हणणे निराळे आहे. उटण्याला जी रीत चालते ती या भुकटीला चालत नाही, आणि ती का चालत नाही हे कळल्यावाचून पाकीट फोडू नये.

आधी ही भुकटी मूळची कोण कुठली ते पाहू. ‘सॅलिक्स’ हे विलो झाडाचे लॅटिन नाव. काश्मीरमध्ये ज्याच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी करतात ते हे झाड. आपल्याकडे ओढ्या-नद्यांच्या काठी वाळुंज उगवतो तोही याच गोतातला. इंग्लंडमध्ये चिपिंग नॉर्टन या गावी एडवर्ड स्टोन नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी विलोची साल चाखली, तेव्हा ती त्यांना हिवतापावरच्या सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली. मग त्यांनी ती साल भटारखान्याच्या भट्टीशी तीन महिन्यांहून अधिक वाळवली, कुटून वस्त्रगाळ केली आणि सुमारे पन्नास तापकऱ्यांना देऊन पाहिली. ही हकीकत त्यांनी १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. मला या पत्रातली एक गोष्ट फार आवडते. या गृहस्थांनी प्रथम वीस ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे सव्वा ग्रॅम, एवढीच मात्रा दिली आणि अपाय होत नाही असे पाहून मग ती वाढवली. हे वैद्य नव्हते, रसायनशास्त्रज्ञ तर नव्हतेच. पण नवे औषध हाती घेताना त्यांनी चिमूट वापरली नाही, वजन केले.

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. १८२८ साली म्युनिकच्या बुखनर यांनी सालीतून ‘सॅलिसिन’ हा कडू पदार्थ वेगळा काढला. १८३८ साली पिरिया या इटालियन रसायनज्ञाने त्यापासून आम्ल तयार केले. तेच सॅलिसिलिक आम्ल. १८७४ साली जर्मनीत कोल्बे यांनी फिनॉलपासून ते मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत बसवली आणि त्याचा कारखानाच निघाला. तेव्हापासून या आम्लाचा झाडाशी संबंध सुटला तो सुटलाच. ‘हे विलोच्या सालीचे नैसर्गिक सत्त्व आहे, याने अपाय कसा होईल?’ असे कुणी म्हणाले तर मान डोलावू नका. पाकिटातली भुकटी कारखान्यातली असते. त्यात कमीपणा काही नाही. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाने जो एक गाफीलपणा येतो तो मात्र टाळला पाहिजे.

त्वचेवर हे आम्ल काय करते, हे १८८०च्या दशकात हँबुर्गच्या उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी बारकाईने दाखवून दिले. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. विटांवर वीट ठेवून मध्ये चुना भरावा तशी त्याची रचना. सॅलिसिलिक आम्ल विटा फोडत नाही, पेशींना जखडून ठेवणारे सांधे सैल करते. मग वरच्या विटा आपोआप गळून पडतात. त्यातच त्याचा दुसरा गुण असा की, त्याला तेलकट जागेचे वावडे नाही. रंध्राच्या तोंडाशी तेल आणि मृत पेशी यांचे बूच बसते आणि तेथूनच मुरुमाला सुरुवात होते. त्या बुचात हे आम्ल शिरते आणि ते ढिले करते. म्हणूनच ते मुरुमांवर चालते, डोक्यातल्या कोंड्यावर चालते, पायाच्या कुरुपावरही चालते. गजकर्णावरचे व्हिटफील्डचे मलम आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यात शेकडा सहा बेन्झोइक आम्ल आणि शेकडा तीन सॅलिसिलिक आम्ल असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत त्याला पूर्वी जागा दिलेली होती. तेव्हा औषध खरे आहे, जुने आहे, गुणाचे आहे. त्याची बदनामी करण्यासाठी मी आलेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुरुमांसाठी या आम्लाचे प्रमाण शेकडा अर्धा ते दोन भाग असते. कुरुपासाठीच्या पट्टीत ते शेकडा बारापासून चाळीसपर्यंत जाते. म्हणजे पदार्थ एकच. दोन भागांना तो रंध्र मोकळे करतो आणि चाळीस भागांना पायाचे घट्ट कातडे पांढरे, मऊ करून उचलून काढतो. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते केवळ वजनाचे आहे.

आपल्या स्वयंपाकघराचा सारा कारभार अंदाजावर चालतो, आणि उत्तम चालतो. आमटीत मीठ किती घातले असे विचारले तर आई हाताकडे पाहते, डब्याकडे नाही. लेपांचेही तेच. शार्ङ्गधराने तारुण्यपीटिकांवर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे. त्यात धने चमचाभर जास्त पडले म्हणून कुणाचे तोंड भाजत नाही. हळद-बेसनाचे उटणे करताना बेसन अधिक झाले तर वाया गेले एवढेच. हे पदार्थ मोठ्या मनाचे आहेत, आपली चूक पोटात घालतात. सॅलिसिलिक आम्ल पोटात घालत नाही.

चमच्याने मोजू म्हणाल, तर भुकटी बारीक आहे की सुईसारख्या कणांची, सैल भरली की दाबून भरली, यावर चमच्याचे वजन बदलते. वजनकाट्याने मोजू म्हणाल, तर स्वयंपाकघरातला काटा बहुधा पुरे ग्रॅम दाखवतो. हिशेब करून पाहा. पन्नास ग्रॅम मलमात शेकडा दोन म्हणजे एक ग्रॅम भुकटी हवी. काट्यावर ‘१’ दिसले म्हणजे ताटलीत अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत काहीही असू शकते. तुमचे मलम शेकडा एकचे झाले की शेकडा तीनचे, हे तुम्हाला कळणार नाही. ज्याच्या गालाला ते लागेल त्याला कळेल. या कामाला सराफाकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा लागतो. तसे छोटे काटे आता महाग राहिलेले नाहीत.

वजन साधले तरी काम संपत नाही. पुष्कळ घरगुती कृतींत ‘भुकटी गुलाबपाण्यात विरघळवा’ असे असते. साध्या तपमानाला शंभर ग्रॅम पाण्यात हे आम्ल जेमतेम पाचवा भाग ग्रॅम विरघळते. दोन ग्रॅम विरघळणे शक्यच नाही. मग कुणी युक्ती काढते आणि पाणी तापवते. कढत पाण्यात ते खरोखरच विरघळते, द्रावण आरशासारखे स्वच्छ दिसते, आणि मुलगी खुशीने बाटली भरून ठेवते. सकाळी पाहावे तर बाटलीच्या तळाशी पांढऱ्या सुया चमकत असतात. पाणी निवले, आम्ल बाहेर पडले. आता ही बाटली हलवून कापसाने तोंडाला लावली की वरचे पाणी जवळजवळ निरुपयोगी आणि त्या सुया जेथे चिकटतील तेथे नुसते आम्ल! एकाच गालावर तीन जागा भाजतात आणि बाकी गाल कोरडा राहतो, त्याचे कारण हे.

दुसरी युक्ती याहून फसवी आहे. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की फसफसून सारी भुकटी विरघळते, सुयाही पडत नाहीत. पडणार कशा? आम्ल उरलेलेच नाही, त्याचे सोडियम सॅलिसिलेट हे क्षार झाले आहे. आणि क्षाराच्या रूपात ते त्वचेच्या तेलकट थरातून आत शिरत नाही. आंबटपणा मोजण्याची जी पट्टी असते तिच्यावर शुद्ध पाण्याला सात अंक, लिंबाच्या रसाला दोन-अडीच. अंक तीन असताना आपले आम्ल निम्मे मूळ रूपात असते. चार झाला की दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. पाचावर शेकडा एकच्या आसपास. साबण किसून त्यात ही भुकटी घालणारांनी हे लक्षात घ्यावे. साबण अल्कधर्मी, तो आम्लाला मारतो, आम्ल साबणाला मारते, आणि हाती चिकट गोळा येतो. उलट, ‘लागू पडत नाही’ म्हणून लिंबू पिळणारे आहेत. त्यांना तर हात जोडून सांगतो की आगीत तेल ओतू नका.

मद्यार्कात हे आम्ल सहज विरघळते, आणि पूर्वी दवाखान्यातले कंपाउंडर तसे लोशन करूनही देत. परंतु शुद्ध मद्यार्क आपल्याला सहजी मिळत नाही. जे मिळते ते रंगकामाचे किंवा जखमा पुसण्याचे स्पिरिट, त्यात विषारी मिसळ असू शकते. ते चेहऱ्यासाठी नाही. खोबरेल तेलात आम्ल फार थोडे विरघळते, एरंडेलात पुष्कळ अधिक. पण मुरुमांच्या चेहऱ्यावर एरंडेल थापायला कोण तयार होईल? आणखी एक बारीकशी सूचना. लोखंडी पळी, लोखंडी कढई या कामी वापरू नका. लोखंडाशी गाठ पडली की हे आम्ल जांभळे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइड टाकून मुले हाच रंग पाहतात. एका घरी मिश्रण जांभळे झालेले पाहून ‘औषध फुलले’ असे म्हणत मोठ्या कौतुकाने दाखवल्याचे मी ऐकले आहे.

आपण म्हणाल, फार तर तोंड भाजेल, आठ दिवसांत बरे होईल. गोऱ्या देशातल्या पुस्तकांत तसे लिहिलेलेही असते. पण आपली सावळी, गव्हाळ कातडी भाजल्याचे स्मरण ठेवते. दाह गेल्यावर त्या जागी काळसर डाग राहतो, तो जायला महिने लागतात, कधी वर्षही जाते. मुरूम गेला आणि डाग आला, हा सौदा कुणाही मुलीला आवडणार नाही. त्या डागावर मग आणखी कडक लेप, आणि उन्हात गेले की डाग आणखी गडद, असे चक्र मागे लागते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. हे आम्ल कातडीवर थांबत नाही. ते रक्तात उतरते. थोड्या जागेवर लावले तर त्याची मात्रा नगण्य. परंतु मोठ्या जागेवर, खरचटलेल्या किंवा रोगट कातडीवर, किंवा लहान मुलाला लावले, तर ॲस्पिरिनच्या गोळ्या मूठभर खाव्या तसा परिणाम होतो. कानात घंटा वाजतात, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालू लागतो, आणि मग भान हरपते. १९६८ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात बोगनव्हिल बेटावरची हकीकत आली होती. मळ्यावर राबणाऱ्या दोघा मजुरांना अंगभर पसरणाऱ्या गजकर्णासारखा रोग होता. त्यांच्या जवळजवळ अर्ध्या अंगाला सॅलिसिलिक आम्लाचे, शेकडा वीसच्या आसपास प्रमाणाचे, मद्यार्कातले द्रावण लावले गेले. दोघेही दगावले. त्यांनी पोटात काही घेतले नव्हते. नुसते अंगाला लावले होते. आपल्याकडे गजकर्ण, नायटा यांची सध्या काय दशा आहे ते मी सांगायला नको. कंबरेपासून मांड्यांपर्यंत पसरलेले नायटे घेऊन माणसे दुकानातून दुकानात फिरतात. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पाकीट पडले आणि ‘जास्त लावले की लवकर जाईल’ हा आपला नेहमीचा न्याय त्याने लावला, तर काय होईल याची मला खरी धास्ती वाटते. मुरुमे मागे राहिली.

भुकटी घरात असणे हीही एक जोखीमच. ती साखरेसारखी, सोड्यासारखी, तुरटीच्या चूर्णासारखी दिसते. तीन ग्रॅम भुकटी म्हणजे ॲस्पिरिनच्या बारा-तेरा गोळ्यांइतके सॅलिसिलेट. दोन वर्षांच्या पोराच्या पोटात तेवढे गेले तर रुग्णालयच गाठावे लागते. ज्या बरणीत एके काळी पिठीसाखर होती त्या बरणीत ही भरू नका. पाकिटावरचे नाव फाडू नका आणि पाकीट कुलपात ठेवा. हाताळताना ती उडते, नाका-डोळ्यांत जाते आणि झोंबते. डोळ्यात गेली तर चोळू नये. नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटे धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

एवढे ऐकल्यावर आपण विचाराल, मग घरी काहीच करू नये काय? माझे मत असे की चेहऱ्यासाठी करू नये, टाचेसाठी करायला हरकत नाही. चेहऱ्याची त्वचा नाजूक, आणि तयार लोशनात आम्ल विरघळवणे, त्याचा आंबटपणा नेमका राखणे ही कामे कारखान्याने आधीच केलेली असतात. तेथे चार पैसे वाचवण्यात शहाणपण नाही. टाचेचे कातडे मात्र जाड. तेथे रक्त निघणाऱ्या भेगा नसतील, तर शेकडा दोनचे साधे मलम चालते. पांढरे पेट्रोलियम जेली एकोणपन्नास ग्रॅम आणि भुकटी एक ग्रॅम, दोन्ही बारीक काट्यावर मोजून. भुकटी आधी काचेच्या खलात अगदी पीठ होईपर्यंत घोटावी. मग जुने कंपाउंडर काचेच्या फरशीवर चपट्या सुरीने करीत तसे करावे. प्रथम भुकटीइतकीच जेली घेऊन दोन्ही एकजीव करायची, मग त्या गोळ्याइतकी आणखी, मग पुन्हा तितकीच, असे दुपटीने वाढवत जायचे. सारी जेली एकदम घेऊन ढवळले की गाठी राहतात, आणि गाठ म्हणजे नुसते आम्ल. रात्री टाचेला पातळ लावायचे, पायमोजा घालायचा. आधी दोन दिवस हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहायचे. डबीवर नाव, प्रमाण, तारीख लिहायची. यापलीकडे घरगुती प्रयोग जाऊ नयेत.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो. पहिली चिठ्ठी: ‘ॲस्पिरिनची गोळी कुटून मधात लावली तर तेच काम होते ना?’ नाही. ॲस्पिरिन हे या आम्लाचे धाकटे भावंड. १८९७ साली बायर कंपनीत हॉफमन यांनी ते शुद्ध रूपात तयार केले. ओलाव्यात ते हळूहळू फुटून सॅलिसिलिक आम्ल सुटते खरे. जुन्या गोळ्यांना शिरक्याचा वास येतो तो त्यामुळेच. पण दहा मिनिटांच्या लेपात फारसे काही फुटत नाही. कुटलेल्या गोळीने चेहरा घासल्याने जे वाटते ते खरखरीचे काम असते. शिवाय ज्याला ॲस्पिरिन सोसत नाही त्याला हा लेप सोसेलच असे नाही आणि सॅलिसिलिक आम्लही.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे. दिवस गेले असताना हे वापरावे का, असे त्यांनी विचारले आहे. मुरुमापुरते, शेकडा दोनच्या आत, तयार लोशन असेल तर डॉक्टर बहुधा मना करीत नाहीत. पण मोठ्या भागावर किंवा कडक प्रमाणात लावू नये. आपल्या डॉक्टरांना विचारून मगच वापरा.

तिसरी चिठ्ठी अशी: ‘वडील सत्तरीचे आहेत, मधुमेह आहे. पायाला कुरूप झाले आहे. दुकानातून आणलेली पट्टी गेले चार दिवस लावली आहे. त्यांना दुखत नाही, तेव्हा चालू ठेवावी का?’ पट्टी आज घरी गेल्यावर आधी काढा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. कुरुपाभोवतीचे चांगले कातडेही त्या पट्टीने उलले तरी त्यांना कळणार नाही, आणि मधुमेही माणसाच्या पायावरची जखम भरायला वेळ लागतो, चिघळायला लागत नाही. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. पाय कोमट पाण्याने धुऊन, टिपून, दिव्याच्या उजेडात बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पाहा. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि जाताना त्या पट्टीचे पाकीट बरोबर घ्या.